यवतमाळच्या रश्श्यासमोर इटलीची लाल वाइन

इटलीतल्या एखाद्या गावात किराणा दुकानात चार युरोला लाल वाइनची बाटली मिळते. तिचं कुणाला फार कौतुक नसतं. दुपारच्या जेवणाबरोबर अर्धी संपते, उरलेली बूच लावून ठेवली जाते. हीच बाटली यवतमाळपर्यंत पोचली, तर मात्र ती पाहुण्यांसाठी राखून ठेवायची वस्तू होते. बाटलीतला ऐवज तोच असतो. वाढलेली असते ती किंमत.

हिशेब साधा आहे. चार युरो म्हणजे ढोबळमानाने चारशे रुपये धरू. भारतात वाइनवर आयातीचा बोजा १५० टक्के. २०२१ च्या अर्थसंकल्पापासून त्यातले ५० टक्के मूळ सीमाशुल्क आणि १०० टक्के कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर. म्हणजे जहाजाचं भाडं आणि विमा सोडूनच चारशेचे हजार झाले. दारू वस्तू व सेवा कराच्या बाहेर असल्यामुळे पुढे राज्याचं शुल्क आणि व्हॅट लागतो, मग आयातदार, वितरक आणि दुकानदार आपापला वाटा घेतात. महाराष्ट्रात साध्या इटालियन लाल वाइनची सुरुवात दीड-दोन हजारांच्या घरात होते, ती अशी. गिऱ्हाईक दोन हजार मोजतं तेव्हा मूळ मालाची किंमत चारशेच असते, आणि त्या चारशेत काच, बूच आणि लेबलही आलं. ‘परवडणारी इटालियन वाइन’ हा प्रश्न त्यामुळे इटलीत एक आणि विदर्भात दुसराच असतो.

हे चित्र थोडं हलू लागलं आहे. ऑस्ट्रेलियाशी झालेला करार २९ डिसेंबर २०२२ ला लागू झाला आणि पाच डॉलरहून जास्त आयात किमतीच्या तिथल्या बाटल्यांवरचा कर १५० वरून १०० टक्क्यांवर आला. युरोपीय संघाशी वाटाघाटी पूर्ण झाल्याचं जानेवारी २०२६ मध्ये जाहीर झालं. त्यातही वाइनवरचा कर टप्प्याटप्प्याने खाली आणायचं ठरलं आहे. मात्र अशा करारांत सवलतीचा रोख बहुधा मधल्या आणि वरच्या किमतीच्या बाटल्यांवर असतो, कारण देशी द्राक्षबागायतदाराला अगदी स्वस्त मालाची धास्ती असते. तेव्हा चार युरोवाली बाटली लगेच हजाराच्या आत येईल, अशी आशा कुणी धरू नये.

यवतमाळमध्ये या विषयावर लिहायचं तर आजूबाजूचा नकाशा डोळ्यांआड करता येत नाही. वर्धा नदीच्या पलीकडे वर्धा जिल्हा, तिथे सेवाग्राममुळे १९७० च्या दशकापासून दारूबंदी. गडचिरोलीत १९९३ पासून. वणीच्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. खुद्द यवतमाळमध्ये बंदी नाही, पण ती व्हावी म्हणून स्वामिनी दारूबंदी आंदोलनाच्या झेंड्याखाली इथल्या बाया वर्षानुवर्षं रस्त्यावर आल्या. कापूस-सोयाबीनच्या या जिल्ह्यात दारूने उठवलेली घरं गावोगाव आहेत. त्या बायांसमोर कुणी वाइनच्या चवीवर प्रवचन दिलं, तर त्या ऐकून घेणार नाहीत आणि त्यांचं चुकतं असंही म्हणता येणार नाही. या राज्यात गावातलं दुकान बंद करायला बाया मतदान करतात, तेव्हा ‘आडवी बाटली’वर शिक्का मारतात. वाइनची बाटलीही आडवीच ठेवायची असते, म्हणजे बूच ओलं राहतं. हा योगायोग नोंदवून पुढे जाऊ.

स्वस्त दारूची काळी बाजू इटलीनेही पाहिली आहे. मार्च १९८६ मध्ये उत्तर इटलीत स्वस्त वाइन पिऊन लोक दगावू लागले. पिएमोंतेतल्या नार्झोले गावच्या एका व्यापाऱ्याच्या मालात मिथेनॉल सापडलं. पातळ वाइनमधलं मद्यार्काचं प्रमाण वाढवायला ते घातलं होतं. वीसहून जास्त माणसं गेली, काहींची दृष्टी गेली, देशाची वाइन निर्यात कोसळली. २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत शंभरावर बळी घेतले ते याच मिथेनॉलने. एप्रिल २०२१ मध्ये टाळेबंदीत दुकानं बंद असताना वणीत सात जणांचा हातावर लावायचं सॅनिटायझर प्यायल्याने मृत्यू झाला. स्वस्त म्हणजे किती स्वस्त, याची खालची मर्यादा पैशांत मोजून भागत नाही.

१९८६ नंतर इटलीने स्वतःला सावरलं. भौगोलिक नावांची शिडी तिथे आधीपासून होती. १९६३ च्या कायद्याने ‘डीओसी’ हा दर्जा आला, १९८० पासून त्याच्या वरचा ‘डीओसीजी’, आणि १९९२ मध्ये जरा सैल नियमांचा ‘आयजीटी’. कुठल्या भागातली द्राक्षं, किती टक्के, किती महिने मुरवायची, हे त्यात ठरलेलं असतं. डीओसीजी बाटलीच्या गळ्यावर क्रमांकाची सरकारी पट्टी असते. पण ही पट्टी मूळ ठिकाणाची हमी देते. चवीची हमी देणारी पट्टी अजून कुणी छापलेली नाही. डीओसीजी कियांती पाणचट निघते आणि साधी आयजीटी बाटली जेवणभर गप्पांत रंग भरते, असं सर्रास घडतं.

कियांती हे नाव सगळ्यांनी ऐकलेलं. गवताच्या वेटोळ्यात बसवलेली पोटफुगी बाटली जुन्या इंग्रजी सिनेमांत दिसायची, ती हीच. तिचं मुख्य द्राक्ष सांजोवेझे. १८७२ मध्ये बेत्तिनो रिकासोली या जहागीरदाराने, जो इटलीचा पंतप्रधानही होऊन गेला होता, सांजोवेझे, कानायोलो आणि रोजच्या पिण्यासाठी थोडं पांढरं माल्व्हाझिया असं मिश्रण सुचवलं. पुढे नियमांनीच पांढऱ्या द्राक्षांची सक्ती केली, तीही मोठ्या प्रमाणात, आणि वाइन पातळ होत गेली. आज कियांतीत किमान ७० टक्के आणि काळ्या कोंबड्याचं चिन्ह मिरवणाऱ्या कियांती क्लासिकोत किमान ८० टक्के सांजोवेझे लागतं. या दोघींत गल्लत करू नये. क्लासिको हा मधला जुना डोंगराळ टापू आहे, नुसती कियांती त्याच्या भोवतालच्या विस्तीर्ण भागातून येते. निर्यातीत रुफिनो, झोनिन, आंतिनोरी ही मोठी नावं. मोठ्या घराण्यांचा साधा माल वर्षानुवर्षं एकाच चवीचा राहतो. लांबून मागवायची असेल तर ही एकसुरी चवच उपयोगी पडते.

दोन हजारांच्या आत एकच इटालियन लाल बाटली घ्यायची, तर हा लेख मोंतेपुल्चानो दाब्रुत्सोच्या बाजूने आहे. अॅड्रिएटिक समुद्राकडच्या अब्रुत्सो प्रांतातली ही वाइन. रंग गडद, तुरटपणा मवाळ, करवंदासारखा फळाचा आंबटगोडपणा, आणि फाजील नखरा नाही. एक घोळ तेवढा लक्षात ठेवायचा. मोंतेपुल्चानो नावाचं गाव तोस्कानात आहे आणि तिथली ‘व्हीनो नोबिले’ मुख्यतः सांजोवेझेची असते, शिवाय बरीच महाग. लेबलावर ‘दाब्रुत्सो’ दिसलं तरच ही आपली.

सिसिलीची नेरो दाव्होला हा तितकाच भरवशाचा पर्याय. तिकडचा उन्हाळा कडक, द्राक्ष पूर्ण पिकतं, आणि वाइन भरदार होते. पुल्यातली, म्हणजे इटलीच्या बुटाच्या टाचेवरची, प्रिमितीव्हो ही नवख्यांची लाडकी. कॅलिफोर्नियात जिला झिनफंडेल म्हणतात ती हीच, आणि दोघींचं मूळ क्रोएशियात, हे डीएनए तपासणीने सिद्ध झालं आहे. जॅमसारखा गोडसर गंध, चौदा-साडेचौदा टक्के मद्यार्क. पहिला घोट सगळ्यांना आवडतो. दुसऱ्या पेल्यापर्यंत कंटाळा येतो, आणि समोर तिखट ताट असेल तर घसाही जळतो.

वाल्पोलिचेल्ला हलकी आणि सुगंधी, पण इथे येईपर्यंत तिचा तजेला बहुधा गेलेला असतो. लाम्ब्रुस्कोकडे जाणकार नाक मुरडतात. ही फेसाळणारी लाल वाइन, कधी कोरडी तर कधी गोडसर, आणि मद्यार्क बऱ्याचदा आठ ते अकरा टक्केच. १९७० आणि ८० च्या दशकांत ‘रियुनिते’ नावाच्या लाम्ब्रुस्कोने अमेरिका अक्षरशः काबीज केली, तेव्हापासून ती सवंग ठरली. पण बर्फाच्या बादलीत ठेवून प्यायची ही लाल वाइन विदर्भाच्या मे महिन्यात जितकी शोभते तितकी दुसरी कुठलीच शोभत नाही.

राहिली बार्बेरा. बार्बेरा दास्ती नावाने येते, किमान ९० टक्के बार्बेरा द्राक्ष, आणि २००८ पासून डीओसीजी. हिच्यात आंबटपणा भरपूर आणि तुरटपणा नगण्य. १९८६ मध्ये सगळ्यांत जास्त बदनाम झाली तीही हीच. नेमकी हीच वाइन वऱ्हाडी जेवणाला सगळ्यांत जवळची आहे, आणि नेमकी हीच विदर्भातल्या दुकानांत सहसा दिसत नाही.

जवळची का, ते ताटाकडे पाहून कळतं. यवतमाळचं मांसाहारी जेवण म्हणजे तर्रीदार रस्सा. सावजीची परंपरा नागपूरच्या हलबा कोष्टी समाजाची, पण तिचा तिखटपणा इथल्या ढाब्यांनीही उचलला आहे. शाकाहारात पाटवडीचा रस्सा, गोळाभात, भरीत, आणि थंडीत सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीचं सारण भरून तळलेली वडी. तेल, तिखट आणि खडा मसाला हे तिन्ही ठासून. मिरचीतल्या कॅप्सेसिनने तोंड पेटलेलं असताना जास्त मद्यार्काची वाइन आगीत भर घालते. वाइनमधला तुरट अंश, ज्याला टॅनिन म्हणतात, तोही तिखटाने आणखी खरखरीत लागतो. हिरडा चघळल्यासारख्या हिरड्या आवळून येतात. आंबटपणाचं काम उलट. तो लाळ सुटवतो, तेल कापतो आणि पुढचा घास घ्यायला जीभ मोकळी करतो. आपण रश्श्यावर लिंबू पिळतो ते याचसाठी. म्हणून या भागात लाल वाइन निवडताना तीन गोष्टी पाहायच्या. आंबटपणा जास्त हवा, तुरटपणा कमी हवा आणि मद्यार्क साडेतेराच्या पुढे नको. बारोलोसारखी नामवंत, महागडी आणि कमालीची तुरट वाइन इथल्या मटणापुढे चारीमुंड्या चीत होते. आपल्या ताटासमोर स्वस्त वाइन महागाला भारी पडते, आणि हे कौतुकाने म्हटलेलं नाही, चवीचं गणितच तसं आहे.

सांबारवडी आणि साधी कियांती ही जोडी करून पाहण्यासारखी. कियांतीचा रंग पारदर्शक माणकासारखा, पेल्यामागचं बोट दिसावं इतका फिका. वासात आंबट फळ आणि मागे वाळलेल्या पाल्याचा किंचित कडवट गंध. पहिल्या घोटात गालांच्या आतल्या बाजूंना पाणी सुटतं. मग वडीचा तुकडा. बेसनाचा खमंगपणा, खसखस आणि खोबऱ्याचा गोडवा, तेलाचा पातळ थर. दुसऱ्या घोटाला तो थर निघून जातो आणि कोथिंबिरीचा वास अचानक वर येतो. कढीत बुडवलेल्या वडीला मात्र हा न्याय लागू नाही. ताकाचा आंबटपणा वाइनवर मात करतो.

उन्हाळ्याचं काय, हा इथला खरा प्रश्न. मे महिन्यात यवतमाळचा पारा चव्वेचाळीसच्या वर जातो. लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी हा सल्ला युरोपातल्या थंड दगडी घरांचा आहे, जिथे खोली सोळा-अठरा अंशांवर असते. इथल्या खोलीत ठेवलेली वाइन पेल्यात ओतली की फळाचा गंध हरवून नुसती मद्यार्काची वाफ नाकात जाते. तेव्हा फ्रिजमध्ये तासभर ठेवून मग उघडावी, आणि त्याबद्दल कुणी हसलं तर हसू द्यावं. त्याहून मोठी गोम दुकानात पोचण्याआधीची आहे. एप्रिलमध्ये ट्रकमध्ये आणि पत्र्याच्या गोदामात तापलेली वाइन शिजते. बूच वर सरकलेलं, गळ्याच्या वेष्टनाखाली चिकट ओघळ, रंगात तपकिरी झाक आणि चवीला उकळलेल्या मनुकांचा काढा, या तिच्या खुणा. म्हणून आयात वाइनची खरेदी दिवाळी ते महाशिवरात्र या काळात उरकलेली बरी. आयातदाराचं मागचं स्टिकर वाचावं. दोन हजारांच्या आतली वाइन मुरवण्यासाठी नसतेच, तीन-चार वर्षांहून जुनी असेल तर सोडून द्यावी. दुकानाच्या काचेत उन्हात उभी असलेली बाटली तर फुकटही घेऊ नये.

या सगळ्या आयातीच्या कटकटीला महाराष्ट्रातच एक उत्तर आहे, आणि ते ऊस पिकवणाऱ्या अकलूजमध्ये. सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातलं हे गाव साखर कारखान्यामुळे आणि मोहिते-पाटलांमुळे ठाऊक असतं. त्याच घरातले रणजितसिंह आणि अर्जुनसिंह मोहिते-पाटील, दिल्लीचे कपिल आणि गौरव सेखरी, आणि इटलीचे आंद्रेया आणि अलेस्सिओ सेच्ची, अशा भावांच्या तीन जोड्यांनी मिळून ‘फ्रातेल्ली’ उभी केली. तोस्कानात आयुष्य घालवलेले वाइनतज्ज्ञ पिएरो मासी सातवे. या सातांवरून त्यांच्या वरच्या दर्जाच्या लाल वाइनचं नाव ‘सेत्ते’, म्हणजे सात, असं ठेवलं गेलं. तिच्यात सांजोवेझे आणि काबेर्ने सोव्हिन्यों. रोपं फ्रान्सहून आणली आणि मोटेवाडी, गारवाड, निमगाव इथल्या माळावर लावली.

तोस्कानात सांजोवेझे सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडतात. हिवाळ्यात वेल झोपते. आपल्याकडे वेलीला झोपच नाही, म्हणून बागायतदार तिला वर्षातून दोनदा छाटतो. उन्हाळ्याच्या तोंडाशी खरड छाटणी, पावसाळा सरताना फळछाटणी, आणि तोड साधारण फेब्रुवारीच्या आसपास. पिकतानाचे दिवस कोरडे आणि रात्री थंड मिळाव्यात म्हणून हा खटाटोप. तरी ऊन ते ऊनच. अकलूजची सांजोवेझे कियांतीपेक्षा मऊ आणि पिकल्या फळाची, आंबटपणा जरा कमी. पण दर हजाराच्या आतबाहेर, आणि समुद्रप्रवासाचा ताप तिने सोसलेला नाही. दीड हजारांची सुमार कियांती आणि ही बाटली शेजारी ठेवली, तर ही वरचढ ठरण्याची शक्यता जास्त. सेत्ते हिच्यापेक्षा बरीच महाग, आणि तिच्या किमतीला खरी आयात वाइन मिळू लागते, तेव्हा तिथे तुलना कठीण होते.

नाशिककडे निफाडजवळ कुंदेवाडीत ‘रेव्हेलो’ने आंद्रेया व्हालेन्तिनुत्सी या इटालियन वाइनकाराच्या हाताखाली सांजोवेझेबरोबर नेरो दाव्होला आणि पांढरं ग्रील्लोही लावलं. सिसिलीचं द्राक्ष निफाडच्या काळ्या मातीत, ही कल्पनाच मजेची. राज्यातल्या वाइनरींना इथवर आणण्यात २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणाचा वाटा मोठा आहे. विंचूर आणि पलूसचे वाइन पार्क त्यातूनच आले. २० टक्के व्हॅटपैकी १६ टक्के उत्पादकाला परत देण्याची योजनाही राज्याने आणली. दत्तक घेतलेल्या इटालियन द्राक्षाला इथे सरकारचा आधार आहे, तर इटलीतून आलेल्या बाटलीला दीडपट दंड. किमतीतला फरक मुख्यतः यातून येतो.

दोन्ही चाखून ठरवायचं असेल तर बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून चाखाव्यात. मोंतेपुल्चानो, अकलूजची सांजोवेझे आणि एखादी नेरो दाव्होला, तिन्ही सारख्याच गार, पेल्यात दोन-तीन घोटांपुरत्या. आधी नुसत्या, मग रश्श्याबरोबर. पहिल्या फेरीत जिंकलेली बाटली दुसऱ्या फेरीत अनेकदा हरते. आणि चाखणाऱ्यांनी त्या संध्याकाळी खर्ऱ्याला सुट्टी द्यावी. सुपारी, चुना आणि तंबाखूने बधिर झालेल्या जिभेला बार्बेरा काय आणि बारोलो काय.

मिळण्याचा प्रश्न उरतो. २७ जानेवारी २०२२ ला राज्य मंत्रिमंडळाने हजार चौरस फुटांहून मोठ्या सुपरमार्केटांत वाइन विकायला मुभा देण्याचं ठरवलं. अण्णा हजारेंपासून अनेकांनी विरोध केला आणि निर्णय कागदावरच राहिला. यवतमाळ, पुसद, वणीच्या वाइन शॉपांत व्हिस्कीच्या रांगांपुढे वाइनला एखादा कोपरा मिळतो, आणि त्यातही देशी नाममुद्राच जास्त. दुकानदाराचंही चुकत नाही. सहा किंवा बारा बाटल्यांची पेटी मागवून त्यातली एक खपली, तर बाकीच्या उन्हाळ्यात शिजणार. हौशी मंडळींनी चार-पाच जणांत मिळून, परवाने काढून, एकाच वाइनची पेटी नोव्हेंबरात सांगून ठेवली तर दुकानदार ती नागपूरच्या वितरकाकडून मागवून द्यायला तयार होण्याची शक्यता जास्त. महाराष्ट्रात वाइनसाठी वयाची अट २१ वर्षं आहे. उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये तीन दिवस चांगली राहते. चौथ्या दिवशी ती मटणाच्या मुरवणात घालावी.